ठराव, यादी, खर्च : सरकारी मदत वस्तीपर्यंत कशी पोहोचते?

आजारपण घरात आले की त्याच्या पाठोपाठ कर्ज येते. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की आठवडाभरात वाण्याची उधारी वाढते, महिनाभरात घरातला एखादा दागिना गहाण पडतो, आणि मग पोरांची शाळा सुटते. ही घसरण थांबावी म्हणून सरकारच्या योजना आहेत. क्षयरोग्याला आहारासाठी पैसे आहेत, गरोदर बाईला मदत आहे, निराधाराला महिन्याचे अनुदान आहे, वस्तीला पाणी आणि गटारांसाठी निधी आहे. तरीही आपल्या वस्त्यांमध्ये "योजना आहे म्हणतात, पण आमच्यापर्यंत काही आली नाही" हे वाक्य नेहमी कानी पडते.

योजना मुंबईत किंवा दिल्लीत मंजूर होते. ती अमलात येते मात्र ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि तहसील कचेरीच्या टेबलावर. तिथे तिला तीन पायऱ्या उतराव्या लागतात : ठराव, यादी आणि खर्च. यांपैकी एक पायरी तुटली तरी मदत वरच अडकते. या तीन पायऱ्या आपण या महिन्याच्या आरोग्य पानात समजून घेऊ.

महाडने शिकवलेला धडा

कागदावरचा निर्णय आणि हातातले पाणी यांत किती अंतर असते, हे रायगड जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्या यादीत दवाखानेही होते, हे आरोग्याचे पान वाचताना ध्यानात ठेवावे.

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. पण सवर्णांच्या विरोधामुळे पुढची तीन वर्षे आपल्या माणसांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. ठराव झाला होता, अंमल नव्हता. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस कौन्सिलाला १९२६ मध्ये पुन्हा करावी लागली. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले, तेव्हा तो ठराव खऱ्या अर्थाने वापरला गेला.

गोष्ट तिथे संपली नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरात प्रकरण कोर्टात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने अंतिम निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी.

यातून तीन गोष्टी आपण घ्यायच्या. वरचा निर्णय खालच्या संस्थेने उचलला नाही तर तो कागदच राहतो. खालच्या संस्थेने ठराव केला, तरी लोक पुढे आले नाहीत तर तो दप्तरात पडून राहतो. आणि मिळालेला हक्क काढूनही घेतला जाऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावे लागते. आज चवदार तळ्यासारखी बंदी नाही. पण ठराव ते अंमल हे अंतर अजून आहे, आणि त्याची किंमत आपल्या घरातील आजारी माणूस मोजतो.

कोणत्या कामाला कोणते दार?

अनेक अर्ज चुकीच्या कचेरीत फिरत राहतात आणि दिवस मोडतात. श्रीवर्धन किंवा पोलादपूरच्या माणसाला अलिबागची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडे. म्हणून आधी दार ओळखावे.

ग्रामपंचायत (महाड, मुरूड, श्रीवर्धन, रोहा, पेण, उरण, अलिबाग अशा शहरांत नगरपरिषद, म्हसळा, तळा, माणगाव, पोलादपूर येथे नगरपंचायत, पनवेलला महानगरपालिका) : पिण्याचे पाणी, गटारे, साफसफाई, दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद, घरांची नोंद.

जिल्हा परिषद आणि पंचायत समिती : प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र, अंगणवाडी, तसेच समाजकल्याण विभागामार्फत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास करण्याची योजना. पूर्वी हिला दलित वस्ती सुधार योजना म्हणत. पाणी, रस्ता, गटार, वीज, समाजमंदिर ही कामे यातून होतात.

तहसील कचेरी : संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना, घरातील कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य, आणि रेशन कार्ड.

रुग्णालय : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. भरती होण्याआधी किंवा होताच रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यालाच आधी भेटावे.

पहिली पायरी : ठराव

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची सूची दिली. पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता, महिला व बालविकास, समाजकल्याण आणि दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे कल्याण हे सगळे तिच्यात आहे. म्हणजे वस्तीच्या आरोग्यासाठी ग्रामपंचायत काही करते तेव्हा तो उपकार नसतो, ते तिचे काम असते.

हे काम ठरते ग्रामसभेत. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, सात दिवस आधी नोटीस लागते, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी ठरवणे हेही ग्रामसभेचे काम आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. बऱ्याच गावांत खरे निर्णय या दुसऱ्या सभेतच होतात, दहा-पंधरा माणसांत. तिथे वस्तीतली पाच माणसे बसलेली असली तरी फरक पडतो. पहिल्या सभेला गर्दी करून दुसरीला कोणीच न जाणे, हे आपण टाळायला हवे.

ठराव तोंडी समजू नये. "बघू, करू" हा ठराव नव्हे. वस्तीचे नाव, काम काय, किती घरांसाठी, कोणत्या निधीतून, हे इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजे. ग्रामसेवकांकडून (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) त्या ठरावाची नक्कल मागून घ्यावी. हीच नक्कल पुढे पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि अलिबागला समाजकल्याण विभागात उपयोगी पडते.

दुसरी पायरी : यादी

ठराव झाला तरी मदत मिळते ती यादीत नाव असलेल्यालाच. आपल्या कोकणात इथेच मोठी गळती आहे. कुटुंबाचा एक पाय गावात आणि एक मुंबईत. रेशन कार्ड डोंबिवलीचे, मतदान गावचे, घर आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली. अशा घराला काही मिळवायचे म्हटले की प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी भांडतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग भागात पत्रे उडाले, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मदतीची पहिली पायरी होती पंचनामा. पंचनाम्यात घर लिहिले जाते ते कोणाच्या तरी नावाने. ज्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद नाही, किंवा ज्याचा मालक कधीच वारला आहे, त्या घराचे काम अडते. वादळानंतर वारस-नोंदीसाठी धावण्यात अर्थ नसतो. ते काम शांत दिवसांत करून ठेवायचे असते.

यादीसाठी चार कागद आधीच सरळ ठेवावेत.

एक, जन्म आणि मृत्यू यांची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. मृत्यूचा दाखला नसेल तर विधवा बहिणीचा अर्ज पुढे सरकत नाही.

दोन, घराची नोंद हयात माणसाच्या नावे करून घ्यावी, आणि शक्य तिथे पती-पत्नी दोघांची नावे लावावीत.

तीन, जातीचा दाखला. बौद्ध झालेल्या आपल्या समाजाला केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० मध्ये, संसदेने १९५० च्या आदेशात दुरुस्ती केल्यावर. त्याआधी ३० हून अधिक वर्षे धर्मांतराच्या कारणावरून केंद्राचे दार बंद होते. एवढ्या लढ्याने उघडलेले दार दाखल्याअभावी पुन्हा बंद राहू नये. राज्याच्या आणि केंद्राच्या योजनेसाठी कोणत्या नमुन्यातला दाखला लागतो, हे सेतू केंद्रात अर्ज करतानाच विचारून घ्यावे.

चार, बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे. आता जवळपास सर्व अनुदाने थेट खात्यात येतात. खाते बंद पडले असेल तर मंजूर झालेले पैसेही परत फिरतात. निराधार आणि श्रावणबाळ योजनेत वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो म्हाताऱ्या माणसांना आठवण करून द्यावा.

तिसरी पायरी : खर्च

सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे. ग्रामपंचायतीला तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी २० टक्के ठेवायचे असतात.

यात एक मेख आहे. टक्केवारी सगळीकडे सारखी असली तरी रक्कम सारखी नसते. उरण, अलिबागच्या किनाऱ्यावर किंवा रोह्याजवळ धाटावला कारखाने, गोदामे, बंगले आणि रिसॉर्ट आहेत. समजा अशा एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला ६० लाख असेल, तर मागासवर्गीयांचा वाटा ९ लाख आणि दिव्यांगांचा ३ लाख होतो. तळा-म्हसळ्याच्या डोंगराकडील ग्रामपंचायतीचे उत्पन्न ४ लाख असेल, तर तेच आकडे ६० हजार आणि २० हजार. म्हणून श्रीमंत ग्रामपंचायतीत हिशोब मागावा, आणि गरीब ग्रामपंचायतीत जिल्हा परिषदेच्या निधीसाठी ठराव करून घ्यावा. दोन्हीकडे एकच मागणी करून चालत नाही.

२०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित होती : निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. तो पैसा आपल्या गावात कुठे गेला, वस्तीच्या गटारापर्यंत आला का, हे ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि जमाखर्चात दिसते. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ, आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

पाण्याचे कार्ड कोणत्या रंगाचे?

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरी आटतात, काहींचे पाणी मचूळ होते, आणि पहिल्या पावसात गढूळ पाणी विहिरीत उतरते. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचा हा मोसम. महाराष्ट्रात गावच्या पाणी स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल म्हणजे साथीचा मोठा धोका. सलग पाच वर्षे हिरवे राहिले तर चंदेरी.

हे कार्ड आपल्या गावाला कोणत्या रंगाचे मिळाले, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावा. सोबत आणखी तीन : वस्तीची विहीर किंवा बोअर या सर्वेक्षणात धरली होती का? ब्लिचिंग पावडरचा साठा आहे का? आणि आरोग्यसेवक जी ओ.टी. टेस्ट घेतात, ती वस्तीच्या शेवटच्या नळावर घेतली का? टाकीजवळच्या नळाला क्लोरीन मिळते आणि शेवटच्या नळाला मिळत नाही, असे होऊ शकते. शेवटचा नळ बहुतेक वेळा आपल्या वस्तीत असतो.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा, म्हसळा तालुक्यातल्या वस्तीत ४५ वर्षांचा एक गवंडी आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेले. त्याने काय करावे?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासावी. तपासणी आणि औषधे फुकट आहेत. क्षयरोग निघाला तर नोंद होताच निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते). हे पैसे अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांसाठी आहेत, ते जुन्या उधारीत जाऊ देऊ नयेत. साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या तर तोच आजार पुढे औषधाला दाद देत नाही. घरातील मुलांची आणि म्हाताऱ्यांची तपासणीही लगेच करून घ्यावी.

दुसरे दार तहसीलचे. क्षय, कर्करोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे ज्यांना कमावता येत नाही, ते संजय गांधी निराधार योजनेत बसू शकतात. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि सरकारी रुग्णालयाचा वैद्यकीय दाखला लागतो. २०२३ मध्ये हे अनुदान १००० वरून १५०० रुपये झाले. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. आजच्या मजुरीत ही अट फार खालची आहे, आणि खऱ्या गरजूंचे अर्ज तिच्यामुळे बाद होतात. ती बदलणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. मात्र ती वाढवावी असा ठराव ग्रामसभा करू शकते आणि आमदारांकडे पाठवू शकते. शंभर गावांचे ठराव गेले तर त्यांची दखल घ्यावी लागते.

त्याच घरात सून पहिलटकरीण असेल तर तिसरे दार आशाताई आणि अंगणवाडीताईंचे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५००० रुपये मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६०००. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यास अनुसूचित जातीच्या मातेला जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात ७०० रुपये आहेत. बाळंतपण, औषधे, जेवण आणि ने-आण तिथे फुकट असते. कोणी पैसे मागितले तर पावती मागावी.

म्हणजे एका घराला एकाच वेळी तीन दारे ठोठवावी लागतात. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला हे एकट्याने जमत नाही. इथे वस्तीचे काम सुरू होते.

वस्तीने काय करावे?

विहारातील पुढच्या बैठकीत आम्ही सुचवतो ती कामे वाटून घ्यावीत.

१. महिला मंडळाने घरोघर जाऊन एक वही करावी : आजारी, दिव्यांग, विधवा, ६५ वर्षांवरील, गरोदर आणि लहान बाळे. प्रत्येक नावापुढे कोणता कागद कमी आहे ते लिहावे.

२. दोन शिकलेल्या तरुणांनी अर्ज भरण्याची जबाबदारी घ्यावी. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत उलटली तर अपील करता येते.

३. एजंटाला पैसे देऊ नयेत. वरील कोणत्याही मदतीसाठी दलाल लागत नाही.

४. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत वस्तीतली बाई आहे का ते पाहावे. नसेल तर ग्रामसभेत नाव सुचवावे.

५. मुंबईकर मंडळींनी गावी आल्यावर फक्त जयंतीची वर्गणी देऊन परत जाऊ नये. घराची वारस-नोंद करून जावे आणि शक्य झाल्यास १ मेच्या ग्रामसभेला बसावे.

६. प्रत्येक ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत : मागच्या सभेतील वस्तीच्या ठरावाचे काय झाले? लाभार्थ्यांची यादी कुठे लावली आहे? १५, १० आणि ५ टक्क्यांपैकी किती खर्च झाला आणि कशावर?

हे प्रश्न विचारताना भांडण लागत नाही. आवाज चढवण्याची गरज नाही. उत्तर मात्र इतिवृत्तात लिहून घ्यावे. महाडच्या नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे दप्तरात पडून होता. तो बाहेर काढायला माणसे चालत गेली. आपल्याला आज ग्रामपंचायतीपर्यंतच चालत जायचे आहे, हातात वही घेऊन.

हे पान वाचून झाल्यावर विहाराच्या फळ्यावर लावावे. वस्तीत ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे.

जय भीम.